देशोदेशीच्या बुद्ध्यांकाचा नकाशा वर्गात आला. मुलांना काय सांगू?

आठवीच्या बाई

नमस्कार. मी आठवीला गणित शिकवते. काल 'सरासरी' चालू असताना एका मुलाने वहीतून घडी घातलेला कागद काढला. जगाचा नकाशा, प्रत्येक देशाला एक रंग, बाजूला आकडे. निळे देश 105च्या आसपास, मग फिकट होत होत लाल, आणि लाल रंगातले आकडे साठीच्या घरात. वर मथळा, 'देशांचा सरासरी बुद्ध्यांक'. मुलगा म्हणाला, "बाई, ही पण सरासरीच ना? मग आपण एवढे खाली कसे?" त्याने हसत विचारलं. पण शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "म्हणजे कितीही अभ्यास केला तरी आपलं तेवढंच?"

मी "उद्या बोलू" म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून तिचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

मला मुलांना खोटा दिलासा द्यायचा नाही. आकडा खरा असेल तर खरा म्हणून सांगेन. पण आधी मला कळायला हवं. माझ्या वाचनाप्रमाणे या चाचण्या विश्वसनीय समजल्या जातात, त्याच माणसाची परत चाचणी घेतली तर आकडा फारसा हलत नाही. मग देशादेशांची तुलना का करू नये? आणि ज्या चाचण्यांत भाषाच नसते, नुसत्या आकृत्या असतात, त्यांचं काय? इथे कोणी प्रत्यक्ष या चाचण्या घेतलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मला कारणं हवी आहेत.

दशांश

बाई, आकडा मनाला लागतो म्हणून तो चुकीचा ठरत नाही, ही तुमची भूमिका योग्य आहे.

दोन मुद्दे. पहिला, रेव्हनची मॅट्रिक्स चाचणी 1938पासून वापरात आहे. आकृत्यांचा एक संच, त्यात एक जागा रिकामी, खाली पर्याय, त्यातला जुळणारा निवडायचा. शब्द नाही, अंक नाही. भाषेची अडचण इथे येत नाही. दुसरा, देशांचे हे बुद्ध्यांक आणि 'पिसा'सारख्या आंतरराष्ट्रीय शालेय चाचण्यांचे निकाल यांचा चांगला मेळ बसतो. दोन वेगळ्या मार्गांनी जाऊन जवळपास तोच क्रम लागत असेल, तर त्यात काहीच तथ्य नाही असं मला म्हणवत नाही.

निवृत्त परीक्षक

मी 28 वर्षं या चाचण्या घेतल्या. टेबलावर ठोकळ्यांची पेटी, हातात स्टॉपवॉच, समोर कधी सहा वर्षांचं मूल तर कधी साठीचा माणूस. सध्या वापरात असलेल्या चाचण्यांतले प्रश्न इथे लिहिणार नाही, ते आमच्या नियमाबाहेर आहे. बाकी जे सांगता येईल ते सांगते. जरा लांबेल.

बाई, तुम्ही गणिताच्या, म्हणून आधी 100 या आकड्याबद्दल. थर्मामीटर लावला आणि आकडा वाचला, असं इथे नसतं. माणूस चाचणीत काही कच्चे गुण मिळवतो. त्याच देशातल्या, त्याच वयाच्या लोकांचा एक मोठा नमुना आधी तपासलेला असतो. त्या नमुन्याच्या सरासरीला 100 म्हणायचं, प्रमाण विचलनाला, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाला, 15 म्हणायचं, आणि या माणसाचे गुण त्यात कुठे बसतात ते बघायचं. याला आम्ही प्रमाणकं म्हणतो. म्हणजे प्रत्येक देशाने आपल्या लोकांवर प्रमाणकं तयार केली, तर प्रत्येक देशाची सरासरी 100च येणार. ती तशी बसवलेलीच असते. मुलांना एवढं जरी फळ्यावर करून दाखवलंत तरी नकाशाकडे बघायची त्यांची नजर बदलेल. मग नकाशात 60 आणि 105 कुठून आले? एका देशाची प्रमाणकं घेऊन त्यांवर दुसऱ्यांना तोललं, म्हणून.

असे बहुतेक नकाशे रिचर्ड लिन आणि टाटू व्हान्हानेन यांनी 2002मध्ये पुस्तकरूपाने काढलेल्या यादीतून, किंवा तिच्या पुढच्या आवृत्त्यांतून येतात. त्यात ब्रिटनची सरासरी 100 धरली आहे. यादी 185 देशांची. त्यातल्या 81 देशांत कुठली ना कुठली चाचणी झालेली होती. उरलेल्या 104 देशांचे आकडे शेजारच्या किंवा साधारण तशाच लोकसंख्येच्या देशांवरून अंदाजाने भरले आहेत. निम्म्याहून जास्त! नकाशावर मात्र मोजलेला देश आणि अंदाजाचा देश एकाच शाईत रंगवलेला असतो.

आणि मोजलेल्यांचं तरी काय? इक्वेटोरियल गिनीचा आकडा 59 दिलाय. तो 48 मुलांवरून. पुढे मूळ नोंद शोधली तेव्हा निघालं की ही मुलं स्पेनमधल्या, विकासात मागे पडलेल्या मुलांच्या संस्थेतली होती. इथिओपियाचा 63. ती चाचणी इस्रायलमध्ये नुकत्याच स्थलांतरित झालेल्या इथिओपियन ज्यू मुलांवर घेतलेली. नवा देश, नवी भाषा, आणि त्यांच्यावरून सगळ्या इथिओपियाचा आकडा. आमच्याकडे नवीन उमेदवाराने असा नमुना आणला असता तर मी तो तिथल्या तिथे परत केला असता.

आता विश्वसनीयतेबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे. परत मोजलं तर तोच आकडा येणं ही विश्वसनीयता. तो आकडा ज्याचं नाव लावतो तेच मोजतोय का, ही यथार्थता. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही. माझ्या खोलीत घडलेलं सांगते.

एक पन्नाशीचे गृहस्थ होते, सुतारकाम करणारे, शाळेत कधी न गेलेले. लाल-पांढरे नऊ ठोकळे, काही बाजू तिरप्या दुरंगी. समोरच्या चित्रासारखी नक्षी जुळवायची, ठरलेल्या वेळात. मी स्टॉपवॉच दाबलं. त्यांनी पहिला ठोकळा उचलला, अंगठ्याने कडा चाचपली, सहाही बाजू फिरवून बघितल्या आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. असे नऊच्या नऊ. तोवर निम्मी वेळ गेली होती. मग जुळवायला घेतलं, आणि एकदाही मागे फिरावं लागलं नाही. शेवटी एक कड केसभर पुढे आली होती, ती नखाने सरळ केली आणि हात मांडीवर घेतले. नक्षी अचूक होती. वेळ संपून 11 सेकंद झाले होते. मी शून्य लिहिलं. नियम तोच आहे आणि तो मोडायचा नसतो.

सगळं आटोपल्यावर मी विचारलं, आधी सगळे ठोकळे का तपासलेत? ते म्हणाले, "माल बघितल्याशिवाय हात कसा घालायचा?"

त्यांना आठवड्याने परत बोलावलं असतं तर त्यांनी परत नऊ ठोकळे तपासले असते आणि परत शून्य मिळवलं असतं. आकडा अगदी विश्वसनीय. पण घड्याळाशी शर्यत लावायची असते हे शाळेत परीक्षा दिलेल्याला न सांगता कळतं, त्यांना ते कधी कोणी शिकवलंच नव्हतं. असे लोक एका देशात थोडे आणि दुसऱ्यात बहुसंख्य असले की सरासरीत काय होईल ते तुम्हीच सांगा.

दशांश, तुमच्या आकृत्यांच्या मुद्द्याला रॉबर्ट सर्पेल यांचा 1979चा प्रयोग उत्तर देतो. झांबियातलं लुसाका आणि इंग्लंडमधलं मँचेस्टर इथली मुलं घेतली. काम एकच, समोरच्या नमुन्याबरहुकूम आकृती करायची. पण साधनं वेगवेगळी. कागद-पेन्सिलने करायला दिलं तेव्हा मँचेस्टरची मुलं पुढे. तार वाकवून करायला दिलं तेव्हा लुसाकाची मुलं पुढे, कारण तिथे मुलं तारेच्या खेळण्यातल्या गाड्या स्वतः बनवतात. मातीतून करायला दिलं तेव्हा दोघंही सारखी. एकाही प्रकारात भाषेचा प्रश्न नव्हता. आणि जगभर पाठवलेली चाचणी बहुतेक वेळा कागदावरच असते.

रेव्हनबद्दल तर खुद्द त्याच चाचणीने साक्ष दिली आहे. नेदरलंड्समध्ये सैन्यभरतीला येणाऱ्या तरुणांना तिचीच 40 प्रश्नांची आवृत्ती वर्षानुवर्षं देत होते. जेम्स फ्लिन यांनी ते आकडे तपासले. 1952 ते 1982 या 30 वर्षांत सरासरी सुमारे 20 गुणांनी चढली. तोच देश, बापाच्या जागी मुलगा. 30 वर्षांत रक्त बदलत नाही. शाळा, घर, खाणं, कामाचं स्वरूप बदलतं. आणि चढ सगळ्यात ठळक दिसला तो या आकृत्यांच्या चाचण्यांतच, ज्यांना आपण संस्कृतीपासून मुक्त समजत होतो. एका देशाच्या दोन पिढ्यांत 20 गुणांचं अंतर पडत असेल, तर दोन देशांतलं 20 गुणांचं अंतर जन्मजातच आहे असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

भाषांतरकार

मी प्रश्नावल्यांची भाषांतरं करते, म्हणून एक भर घालते. 'आकडे ऐकून तसेच परत म्हणा' हा प्रकार भाषेच्या दृष्टीने निरुपद्रवी वाटतो. वेल्समधल्या मुलांना वेल्श भाषेतल्या चाचणीत नेमके इथेच कमी गुण मिळत. एलिस आणि हेनेली यांनी 1980मध्ये दोन्ही भाषा येणारे लोक घेतले. तीच माणसं इंग्रजी अंक जास्त लक्षात ठेवत, वेल्श अंक कमी. कारण वेल्श अंक उच्चारायला जास्त वेळ लागतो, आणि जे मनात घोळवायला लांब ते लवकर निसटतं. अंक उच्चारायला लागणारा वेळ जमेस धरला की फरक उरत नव्हता. भाषांतर शंभर टक्के बिनचूक असूनही माप बदललं होतं.

हे वाचल्यावर मी मराठी अंक मोठ्याने म्हणून बघितले. सहा आणि नऊ सोडले तर बाकीचे सगळे एका झटक्यात म्हणून होतात. तेव्हा आपल्या मुलांना या प्रकारात कदाचित फायदाच होईल, आणि तो फायदाही त्यांच्या बुद्धीचा नसेल.

दशांश

परीक्षकताई, नेदरलंड्सचा मुद्दा मला मान्य आहे. 104 देशांचे आकडे अंदाजाचे आहेत हे मला ठाऊक नव्हतं, तेवढं माझं म्हणणं मागे घेतो. पण तुलना मुळातच अशक्य आहे असं कोणी म्हणालं तर मी ते मानणार नाही, म्हणून माझ्या कामातलं थोडं सांगतो.

संख्याशास्त्रात याला मोजमापाची समतुल्यता म्हणतात. अट अशी, की दोन देशांतली दोन माणसं जर खरोखर सारख्याच क्षमतेची असतील, तर प्रत्येक प्रश्न बरोबर येण्याची शक्यता दोघांना सारखीच असली पाहिजे. ती तशी आहे का हे प्रश्नागणिक तपासता येतं. पायऱ्या आहेत. प्रश्नांची गटवारी दोन्हीकडे सारखी आहे का, क्षमता वाढली की गुण सारख्याच प्रमाणात वाढतात का, आणि सुरुवातीची पातळी सारखी आहे का. सरासरींची तुलना करायची तर तिसरी पायरीही टिकावी लागते, आणि संस्कृती बदलली की अनेकदा तीच मोडते. सुतारकाकांची गोष्ट हीच आहे. क्षमता तेवढीच, पण त्या एका प्रकारात सुरुवातच खालून.

'पिसा' या बाबतीत बरीच काळजी घेतं. इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन मूळ प्रतींवरून स्वतंत्र भाषांतरं करून ती जुळवतात, शाळा नमुना पद्धतीने निवडतात, आणि एखादा प्रश्न एखाद्या देशात विचित्र वागला तर त्या देशापुरता वेगळा हाताळतात. तरीही ते 15 वर्षांच्या, शाळेत असलेल्या मुलांचंच मोजमाप आहे. ज्या देशात त्या वयाची बरीच मुलं शाळेबाहेर आहेत, तिथे चित्र अपुरंच राहतं. आणि बुद्ध्यांकाशी मेळ बसतो हा माझा मुद्दा होता, त्याचा एक अर्थ असाही निघतो की दोन्हींत शालेय शिक्षणच उतरतंय. स्टुअर्ट रिची आणि एलियट टकर-ड्रॉब यांनी 2018मध्ये 6 लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून दाखवलं की शिक्षणाच्या एका जादा वर्षाने बुद्ध्यांक 1 ते 5 गुणांनी वाढतो.

आणखी एक. येल्टे विखर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2010मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतले रेव्हनचे अभ्यास ठरलेल्या निकषांनी पुन्हा गोळा केले. लिन यांची तिथली सरासरी 70च्या खाली होती, यांची 80च्या आसपास आली. नुसते कोणते अभ्यास घ्यायचे आणि कोणते वगळायचे यावर 10 गुणांचा फरक.

आठवीच्या बाई

तुम्हा सगळ्यांचे आभार. दोन वेळा वाचलं. 100चं गणित उद्या फळ्यावर करणार आहेच. पण ताई, एक विचारते. म्हणजे मुलांना 'हे सगळं खोटं आहे' एवढंच सांगू का? सांगायला सोपं आहे ते. आणि त्या मुलीला काय सांगू? शिवाय मनात येतंय की सर्पेल यांचा प्रयोग वर्गात करून बघावा. तार, कागद आणि माती मी आणू शकते.

निवृत्त परीक्षक

'सगळं खोटं' असं सांगू नका बाई. ही माझी कळकळीची विनंती आहे. आयोडीन कमी मिळालेलं मूल, शिशाच्या संपर्कात वाढलेलं मूल, पहिल्या दोन वर्षांत पोट न भरलेलं मूल, यांचं खरंच नुकसान होतं आणि ते चाचणीत दिसतं. हे आकडे असायलाच हवेत, मिठात आयोडीन घालण्याच्या बाजूने त्यांचाही आधार असतो. सगळे आकडे झटकून टाकले तर त्या मुलांची बाजू कोण मांडणार? एकाच देशात, त्याच देशाच्या प्रमाणकांवर, एका मुलाला कुठे मदत लागेल हे शोधायला या चाचण्या मी आयुष्यभर वापरल्या आणि त्या उपयोगी पडल्या. फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी 1905मध्ये बुद्धी मोजायची पहिली श्रेणी तयार केली ती याच कामासाठी, शाळेत कोणाला जादा मदत हवी ते ओळखायला.

त्या मुलीसाठी एक गोष्ट आहे, तिला समजेल. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे 17 लाख जवानांच्या चाचण्या घेतल्या. इंग्रजी न वाचता येणाऱ्यांसाठी चित्रांची वेगळी चाचणी होती. एका चित्रात टेनिसचं मैदान, त्यात काय नाही ते काढून दाखवायचं. जाळी नव्हती. ज्याने टेनिस कधी पाहिलंच नाही त्याने काय काढायचं? कार्ल ब्रिगहॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1923मध्ये हे आकडे मांडले. त्यांच्याच तक्त्यात स्पष्ट दिसत होतं की परदेशातून आलेला माणूस अमेरिकेत जितकी जास्त वर्षं राहिला, तितके त्याचे गुण जास्त. यावरून त्यांनी निष्कर्ष काय काढावा? की अलीकडे येणारे लोक मुळात कमी प्रतीचे आहेत. 1924मध्ये अमेरिकेत स्थलांतरावर कडक निर्बंध आणणारा कायदा झाला. त्यात या आकड्यांचा वाटा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण 1930मध्ये ब्रिगहॅम यांनी स्वतःच लिहून दिलं की अशा चाचण्यांनी वंशांची आणि राष्ट्रांची तुलना करता येत नाही, आणि आपल्या आधीच्या अभ्यासाला आधार नव्हता. मला त्या माणसाबद्दल राग आहे आणि आदरही आहे. आपली चूक छापून कबूल करणारे मी माझ्या क्षेत्रात फार थोडे पाहिले.

त्या मुलीला तो तक्ता फळ्यावर काढून द्या. एका बाजूला राहिल्याची वर्षं, दुसऱ्या बाजूला गुण, आणि वर जाणारी रेघ. आकडे घालू नका, नुसती रेघ. आणि तिलाच विचारा की हिचा अर्थ काय. 'कितीही अभ्यास केला तरी' या तिच्या प्रश्नाचं उत्तर ती स्वतः वाचेल असं मला वाटतं.

तारेचा प्रयोग जरूर करा. तार मऊ घ्या, ॲल्युमिनियमची चालेल, आणि टोकं आधी वळवून बोथट करा. आकृती तिन्हीसाठी एकच ठेवा, पण क्रम बदलता ठेवा, नाहीतर तिसऱ्या वेळी सगळ्यांनाच सवयीने जमेल. वर्गाचे तीन गट करा, एकाला आधी तार, एकाला आधी कागद, एकाला आधी माती. कोणाचे गुण किती हे नावानिशी फळ्यावर लिहू नका. कागदावर पहिला आलेला तारेत कितवा, एवढंच मुलांनी आपापल्या वहीत टिपावं. एका वर्गावरून देशांबद्दल काही सिद्ध होत नाही, हेही त्यांना तिथेच सांगून टाका.

आणि त्या मुलीला सुरुवातीलाच सगळ्यांसमोर बसवू नका. आधी दुसऱ्यांचं बघू दे. तिने तार हातात घेऊन वेळ लावला तर लावू द्या, घड्याळ पिशवीतच राहू दे.